टुंबोच्या रसातला मासा

लिमा, मंगळवार

आई, आधी आशीर्वाद दे, मग ऐक.

मी मजेत आहे, फक्त डोकं फिरलंय. काल आमच्या हॉटेलात जेवायला आलेला एक प्राध्यापक सोबतच्यांना सांगत होता, "लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा म्हणजे सेविचे. हा शब्द स्पेनचा, म्हणजे पदार्थही तिकडचाच." तिकडून लिंबू आलं म्हणून समुद्रही यांच्या बापाचा झाला का? त्याआधीपासून आपले कोळी आंबट टुंबो फळाच्या रसात मासा मुरवत आलेत, हे तूच सांगितलंस ना?

तू पाठवलेल्या टुंबोंत तस्साच मासा मुरवला आणि त्याच्यापुढे आदळला. मेला बोटं चाटत विचारतो, "बाई, याला काय म्हणतात?"

म्हटलं, "आम्ही नुसतं खातो. नाव तुम्ही द्या, मग तुमचंच म्हणा!"

गिऱ्हाइकाला उलट बोलले म्हणून मालकाने मला चुलीवरून उठवून भांडी घासायला बसवलंय. काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

शनिवारी तो प्राध्यापक पुन्हा येतोय, तोच मासा खायला. टोपलीभर टुंबो पाठव.

तुझीच तापट,
एदिल्मा