राजेश्वरी, जाफना

प्रिय वर्षू, माझ्या हट्टी पोरी,

पाकीट बघून घाबरू नकोस गं, इथे सगळे ठणठणीत आहेत. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? माझं वाक्य अर्धं झालं की 'कळलं आत्या, कळलं' म्हणतेस आणि ठेवून देतेस. या वेळी तुला शेवटपर्यंत ऐकून घ्यावंच लागेल. पुनीत म्हणाला, कागदाचा फोटो काढून पाठवतो, एका मिनिटात पोचेल. पण आईचं लिहिणं समोर आलं की तो वाचल्याशिवाय राहणार नाही, आणि हे आधी तू वाचायला हवं. म्हणून सरस्वतीपुरमच्या पोस्टात मी स्वतः जाऊन टाकणार आहे.

तू पाठवलेला सिनेमा पुनीतनं परवा टीव्हीवर लावून दिला. माहितीपट म्हणायचं असतं हे तू दहादा शिकवलंस, पण मी आपली सिनेमाच म्हणणार. अय्यो, मी किती जाड दिसते गं त्यात! आणि सारखी नाकावरचा चष्मा वर काय ढकलते! पण खरं सांगू, मला तुझा फार अभिमान वाटला. मलरच्या तोंडून तिच्या वडलांना शाळेच्या फाटकापाशी कसं मारलं ते ऐकलं, समुद्र ओलांडताना होडीत एका बाईनं मेलेलं मूल तीरापर्यंत छातीशी धरलं होतं ते ऐकलं, आणि माझा घास तोंडातच राहिला. तिची आई राजेश्वरी आमच्या घरी वर्षभर राहिली, पण यातलं एक अक्षर बोलली नव्हती. एवढीशी पोर तू, आणि लोक तुझ्यापाशी इतकं मोकळं बोलतात. हे तुझ्या आजीकडून आलंय तुझ्यात, तुझ्या बापाकडून नक्कीच नाही.

पण वर्षू, त्यात माझं एक वाक्य आहे. राजेश्वरीचा ठावठिकाणा पोलिसांना आमच्या शेजारणीनंच सांगितला, असं मी म्हणते, आणि तू लगेच समोरच्या घराचा हिरवा दरवाजा दाखवलास. ते वाक्य खोटं आहे. येत्या पंचवीस तारखेला तू हे मैसुरात दाखवणार, आपली अख्खी गल्ली येणार. त्या दरवाजाआड राहणाऱ्या गोदावरीबाईसुद्धा येणार आहेत. ब्याऐंशी वर्षांच्या त्या बाईला सगळ्यांच्या देखत, माझ्या तोंडून, आपण चुगलखोर आहोत हे ऐकावं लागेल. तसं झालेलं मला चालणार नाही. का, ते नीट सांगते. रागवायचं असेल तर शेवटी रागव.

तुझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. नव्वद साली राजेश्वरी सहा वर्षांच्या मलरला घेऊन आली. सेलमचा एक कापडवाला आमच्या यांच्या, म्हणजे तुझ्या गुंडूकाकांच्या, ओळखीचा, त्यानं आणून सोडली. नवरा गेलेला, अंगावरच्या साडीशिवाय काही नाही. काकांनी मला विचारलं नाही, आमच्या शिवणाच्या दुकानामागची खोली झाडून दिली आणि दुसऱ्या दिवशी जुनी मशीन तिच्यापुढे ठेवली. तुझे काका बाकी सगळ्यात तापट, पण या बाबतीत देवमाणूस. राजेश्वरीचा हात इतका साफ की ब्लाऊजची गळपट्टी तीच लावायची आणि कौतुक आमच्या दुकानाचं व्हायचं. मला तमीळ येत नव्हतं, तिला मराठी येत नव्हतं, आम्ही दोघी मोडक्या कन्नडात भांडायचो. पुनीत तेव्हा तान्हा. मलर त्याला मांडीवर घेऊन बसली की उठायची नाही.

आमच्या दुकानात मापाची वही मी लिहायची. काका टेप धरून आकडे सांगायचे, मी उतरवून घ्यायची, तेही मराठीत, कारण माहेरी अप्पांनी मला तेवढंच लिहायला शिकवलं होतं. एका नावाची दोन माणसं असली की पुढे गाव घालायचं, ही आमची रीत. वहीत आधीच एक राजेश्वरी कोट्याची होती, एक गोकुलमची. त्या वर्षी दसऱ्याला काकांनी मायलेकींना नवे कपडे शिवले आणि मी सवयीनं लिहून टाकलं, राजेश्वरी, जाफना. खाली मलरचं माप. तेव्हा त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं गं. गल्लीला सगळं ठाऊक होतं.

पुढच्या उन्हाळ्यात निवडणुकीच्या धामधुमीत तमिळनाडूत माजी पंतप्रधानांना मारणारा तो स्फोट झाला आणि सगळं पालटलं. लंकेची तमीळ बोलणाऱ्या प्रत्येकाला पोलीस घरोघर हुडकू लागले. काकांनी गल्लीतल्या चार घरी जाऊन हात जोडले, कुणी विचारलं तर राजेश्वरी सेलमची म्हणून सांगा. सगळ्यांनी मान डोलावली. गोदक्कांनी, म्हणजे गोदावरीबाईंनीच, आम्ही त्यांना गोदक्का म्हणायचो, तर मलरला दोन दिवस आपल्या घरी ठेवून सेलमच्या शाळेचं नाव पाठ करून घेतलं.

आणि मला वही आठवली. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, वर्षू. पोलीस यायच्या तीन दिवस आधी आठवली. दुपारी काका जेवायला घरात गेलेले, मी ब्लेड घेऊन गल्ल्यापाशी बसले, वहीतलं ते पान उघडलं. पण आमच्याकडे मापाच्या वहीचं पान कधी फाडत नाहीत. आयुधपूजेला कात्री आणि मशीनबरोबर वहीलाही कुंकू लावतात. जित्या माणसाचं माप फाडलं की त्याचं आयुष्य तुटतं, असं सासूबाई सांगायच्या. मलरचे छाती, कंबर, उंची असे इवले इवले आकडे समोर दिसत होते. नवरा गमावलेल्या त्या बाईच्या पोरीचं आयुष्य मी माझ्या हातानं कसं तोडू, असं वाटलं. हात पुढे सरेना. मग मनाला समजावलं, सुम्ने, उगीच कशाला घाबरायचं, मैसुरातल्या पोलिसाला मराठी कुठली वाचता येणार? ब्लेड ठेवून दिलं. खाडाखोड करायचं सुद्धा सुचलं नाही बघ. इतकी कशी मी मूर्ख!

पोलीस आले तेव्हा मी पुनीतला न्हाऊ घालत होते. बाहेर आले तोवर जीप निघत होती. आत राजेश्वरी, तिला बिलगलेली मलर, आणि त्यांच्यासमोर गोदक्का. एका पोलिसाच्या काखेत आमची वही. काका तेवढ्यात बाजारातून येऊन पोचले होते. संध्याकाळी गोदक्का एकट्या चालत परत आल्या आणि कुणाशी न बोलता आत गेल्या. राजेश्वरी आणि मलर आल्या नाहीत. त्यांना छावणीत नेलं, तिथून परत बोटीत घालून पाठवलं, हे तुझ्या सिनेमातच मला नीट कळलं.

काका म्हणाले, हिनंच सांगितलं. ही जीपमध्ये बसून गेली, हिला कुणी हात लावला नाही, मग दुसरं कोण? मी वहीचं बोलायला तोंड उघडलं, पण काकांचे डोळे बघितले आणि गप्प बसले. उद्या सांगू म्हटलं. ते उद्या चौतीस वर्षं आलं नाही. काकांनी त्या घराचं कापड पुन्हा मशीनवर घेतलं नाही. गोदक्कांच्या मुलीच्या लग्नाला आमच्यातलं कुणी गेलं नाही. संक्रांतीला मी सगळ्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायची आणि त्या हिरव्या दारावरून तशीच पुढे जायची. सहा वर्षांपूर्वी काका गेले तेव्हा गोदक्का आल्या, फाटकाबाहेर अर्धा तास उभ्या राहिल्या. आत या, एवढंही मी म्हटलं नाही. आणि गेल्या मेमध्ये तू कॅमेरा लावलास तेव्हा इतक्या वर्षांची सवय झालेलं ते वाक्य माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. मला माझीच किळस येते गं कधीकधी.

सिनेमा बघितल्यावर दोन दिवस मला अन्न गोड लागेना. काल सकाळी उठले आणि सरळ रस्ता ओलांडून गोदक्कांच्या दारात गेले. त्या ओट्यावर अवरेकाई सोलत बसल्या होत्या. काही विचारलं नाही, थोड्या शेंगा माझ्याही पुढ्यात सरकवल्या. कानानं कमी ऐकतात, म्हणून एवढी लाजिरवाणी गोष्ट मला ओरडून सांगावी लागली, भाजीवाला थांबून बघायला लागला. सगळं सांगितलं, वही, ब्लेड, सिनेमातलं वाक्य, सगळं. त्यांनी शेंग सोलायची थांबवली नाही. म्हणाल्या, मला ठाऊक आहे, ते पान मीच तर वाचलं. पोलिसांना वही वाचता येईना, म्हणून समोरच्या मराठी घरातून त्यांनाच पंच म्हणून बोलावलं होतं. बोट ठेवून इन्स्पेक्टरनं विचारलं, हे काय लिहिलंय? गोदक्कांनी डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, राजेश्वरी, सेलम. पण त्या माणसाला हिंदी येत होतं. एकेक अक्षर लावत त्यानं जाफना वाचलं आणि खोटं बोलली म्हणून यांनाही जीपमध्ये घातलं. दिवसभर ठाण्यात उभं ठेवलं, नको नको ते बोलले.

मग इतकी वर्षं का नाही सांगितलंत, म्हणून मी रडत विचारलं, तर म्हणाल्या, अक्षर तुझं आहे हे मला कळलं होतं. तुझा नवरा तापट, कडेवर तान्हं पोर. त्यानं तुला घराबाहेर काढलं असतं तर तू कुठे गेली असतीस, कावेरी? माझं काय, मला माझं घर होतं. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं गं. त्या म्हणाल्या, पुरे, शेंगा सांडतील.

हे पत्र कशासाठी, ते आता सांगते. सिनेमातलं ते वाक्य काढून टाक, एवढंच मी आधी लिहिणार होते. पण नुसतं काढलं तर मी सुटेन, गोदक्का नाही सुटणार. म्हणून कॅमेरा घेऊन पंचवीसच्या आत ये. मी सगळं पुन्हा सांगते, काही झाकणार नाही. पुनीतला मी आज संध्याकाळी सांगते, मग काय व्हायचं ते होऊ दे. गोदक्कांना कॅमेरा नको आहे, माफीही नको आहे. त्यांनी फक्त एक मागितलं. त्या दिवशी जीपमध्ये त्यांनी मलरचा हात धरायला हात पुढे केला, तर ती पोर किंचाळून आईच्या मागे लपली. यांनीच पोलीस आणले असं तिला वाटलं. गोदक्का म्हणतात, गल्लीनं काय म्हटलं ते मी कधीच सोडून दिलं, पण ती किंचाळी अजून कानात आहे. तेव्हा लोकांना दाखवायच्या आधी तू मलरला फोन लाव. तिला सांग, ते गोदक्कांनी नव्हतं केलं. कावेरीनं केलं होतं.

तुझीच, अजून आपली म्हणणार असशील तर,
कावेरीआत्या