नावेच्या ओट्याबदल्यात एक खोली

प्रिय बेल्ट्रान,

कालपासून तळ्याकाठी खोदकामाला बंदी लागली. आता मे महिना उजाडेपर्यंत कुणी फावडं उचललं तर दंड. माझं सगळं खणून, भरून, वर झाडांच्या सालीचा थर पसरून वेळेत झालं होतं. त्यामुळे आज सकाळी मी कॉफी घेऊन आरामात बसले आणि शेजारच्या हार्लनची धावपळ बघितली. त्याचा चर अजून उघडाच आहे आणि तो त्यावर ताडपत्री ओढत होता. दुसऱ्याची धावपळ बघत प्यायलेली कॉफी फार चवदार लागते.

उन्हाळाभर फोनवर तू विचारत होतास, मागे कसला खडखडाट चाललाय म्हणून, आणि मी उडवाउडवी करत होते. आता सांगते. मला घराला लागून खाली एक खोली बांधायची होती. तळ्याची देखरेख करणाऱ्या ऑफिसने सरळ नाही म्हणून सांगितलं. तुला रीनोत राहून हे कळायचं नाही, पण इथे तळं निळं राहावं म्हणून प्रत्येकाने आपल्या आवारातली किती जमीन झाकायची याला मर्यादा आहे. छप्पर, पायवाट, गाडीची जागा, सगळं त्यात धरतात. झाकलेल्या जमिनीवरून पाणी माती घेऊन थेट तळ्यात उतरतं, म्हणून ज्याचं पाणी त्याच्याच अंगणात मुरलं पाहिजे. माझ्या वाट्याची जमीन डगने केव्हाच संपवून ठेवली होती. माझा नवरा म्हणून सांगत नाही, पण त्या माणसाला कुणी सिमेंट पुरवलं असतं तर त्याने तळ्यालाही फरशी घातली असती.

तपासणीला ब्रेन्ना नावाची मुलगी येते, चिखलाचे बूट आणि तोंडाने फटकळ. ती म्हणाली, जेवढी खोली हवी तेवढं काँक्रीट उखडा आणि ती जमीन पुन्हा पाणी पिते हे मला दाखवा. तेवढं काँक्रीट एकाच जागी होतं, डग आपली नाव आणून ठेवायचा त्या ओट्यावर. नाव तो गेला त्याच वर्षी विकली, पण ओट्यावर आम्ही दोघं किती संध्याकाळी खुर्च्या टाकून बसलो होतो. मला ठरवायला आठवडा लागला. मग यंत्रवाल्याला बोलावलं. पहिला घाव बसला तेव्हा मी रडले. जेवणाच्या वेळेपर्यंत मला सडकून भूक लागली होती.

आणि मग मी शहाणपणा केला. पाहुणे येणार म्हटलं की आपण घर आवरतो, तसं मी ब्रेन्नासाठी अंगण आवरलं. काडीन् काडी झाडून काढली. हार्लनने मदतीच्या भरात कुठूनसा रोलर आणला आणि माती अशी चोपून बसवली की वर नाचता आलं असतं. ब्रेन्नाने बादलीभर पाणी ओतलं. पाणी थोडा वेळ थांबलं, मग उताराने निघालं ते हार्लनच्या गॅरेजात. तो खराटा घेऊन त्याच्यामागे पळाला.

"नॉरीन," ब्रेन्ना म्हणाली, "तुम्ही काँक्रीट काढून त्याच्या जागी त्याचा भाऊ आणून बसवलाय."

मला हसू आलं, आणि लगेच मी कॅलेंडर बघितलं. जमीन पास झाल्याशिवाय खोलीचा पाया नाही, आणि पाया बंदीच्या आधी गेला नाही तर सगळं पुढच्या वर्षावर. आपल्या वयात 'पुढच्या वर्षी' असं कुणी म्हटलेलं मला आवडत नाही.

मेमधला माझा वाढदिवस आठव. तुझी लेक माईते तुला गाडीतून घेऊन आली. आमच्याकडे बर्फामुळे सगळ्यांचीच दारं उंचावर. तू नव्या वॉकरला धरून उभा राहून माझ्या पायऱ्यांकडे बघितलंस आणि म्हणालास, "हे मेंढ्यांचं काम आहे, नॉरीन. माझं नाही." मग आपण तिघांनी गाडीतच केक खाल्ला, सीटला क्रीम फासलं, आणि तू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलास. मीही हसले. गाडी वळणाआड गेल्यावर मात्र त्या पायऱ्यांवर बसून मी त्यांना शिव्या घातल्या.

तुझ्या काकांच्या हॉटेलात तू सूपची भांडी वाहायचास आणि शनिवारी टेबलं सरकवून आपण नाचायचो, ते दिवस मी उगाळत नाही. तू कळप घेऊन डोंगरात गेलास, मी डगशी लग्न केलं, सुखाने राहिले. तूही एलेनाबरोबर सुखात होतास. कुणाबद्दल तक्रार नाही. ती दोघं गेली आणि आपण उरलो, एवढंच.

तर हार्लन आणि मी ती माती पुन्हा खोलवर उकरली, त्यात खत आणि लाकडाचा भुगा मिसळला. तो सारखा कुरकुरत होता की या वयात बायका स्वेटर विणतात. मी म्हटलं, खोली झाली की विणेन. मध्येच आग विझवणारे येऊन सांगून गेले की पाईनच्या काड्या घरापासून लांब करा, आणि तळेवाले म्हणतात माती उघडी ठेवू नका. सासूने भात सांगावा आणि सासऱ्याने पोळी, तसं झालं. शेवटी भिंतीलगत खडी टाकली, पलीकडे साल पसरली आणि दोघांनाही गप्प केलं. ऑगस्टमध्ये ब्रेन्ना आली. तिने एक बादली ओतली. गेली. दुसरी ओतली. तीही गेली, मातीने नुसता घोट घेतला. मी हार्लनच्या टकलाचा मुका घेतला. तो अजून सावरलेला नाही.

आता भिंती उभ्या आहेत, पुढच्या आठवड्यात छप्पर चढेल. खोली जमिनीलगत आहे, गाडीतून उतरलं की सरळ आत. पलंगावरून तळं दिसतं. हार्लनला मी लोकरीचं सामान ठेवायला म्हणून सांगितलं, ब्रेन्नाला काहीच सांगितलं नाही. बेल्ट्रान, ती खोली तुझी आहे. पाहुणा म्हणून नव्हे, कायमची. लग्न करावंसं वाटलं तर करू, नाहीतर लोकांना बोलायला विषय देऊ. रोज सकाळी तू मला समोर हवा आहेस, फोनमध्ये नको. माईतेचं काय, हा बहाणा काढू नकोस, मी तिला आधीच विचारलं. ती म्हणाली, बाबा नाही म्हणाले तर खोली मला द्या. तेव्हा लवकर ठरव, तिने पडदेसुद्धा निवडलेत.

तुझीच,
नॉरीन