हिरव्या गाडीची निरवानिरव

मी, विनिता प्रल्हाद सावे, वय ५४, राहणार सदनिका २०३, केळबाग हाइट्स, बोळिंज, विरार पश्चिम, आज पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने आणि पुरेशा रागाने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गेल्या महिन्यात हृदयात दोन स्टेंट बसले, म्हणून ही घाई. मी मानसिकदृष्ट्या सक्षम असल्याचा डॉ. जोआना यांचा दाखला सोबत जोडला आहे. "कोणाच्या दबावाखाली लिहिताय का?" असं त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं. मी म्हटलं, "नाही, दबाव आणण्यासाठी लिहितेय." त्यांनी माझं ब्लडप्रेशर पुन्हा मोजलं.

वकील लावलेला नाही. अठ्ठावीस वर्षं विमा कंपनीत दावे नाकारणारी पत्रं लिहिली. कोणाला काय द्यायचं नाही, हे कायद्याच्या भाषेत मला चांगलं सांगता येतं.

कलम १. राहती सदनिका, बँकेतल्या ठेवी आणि दागिने माझी मुलगी उन्नती हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. पुण्याहून येऊन राहायचं नसेल तर घर खुशाल विकावं. मात्र वरच्या मजल्यावर कोण राहतं, हे गिऱ्हाइकाला व्यवहार पुरा झाल्यावरच सांगावं.

कलम २. वरच्या मजल्यावर, म्हणजे ३०३ मध्ये, माझे धाकटे दीर कृष्णा काशिनाथ सावे राहतात. इमारत आमच्या सासऱ्यांच्या केळीच्या बागेवर उभी आहे. बाग बिल्डरला दिली तेव्हा दोन्ही भावांना एकावर एक फ्लॅट मिळाले आणि इमारतीला बागेचं नाव मिळालं. केळीचं झाड एकही नाही. बागेची मालकी गेली म्हणून भावोजी सोसायटीचे सेक्रेटरी झाले. माणसाला कशावर तरी हुकमत लागते.

त्यांची बायको अक्षदा हिला माझ्या दोन्ही पैठण्या. तीन वर्षं आमच्या घरांत बोलणं बंद आहे, तरी दर गुरुवारी ती बाल्कनीतून दोरीने पिशवी खाली सोडते. कधी वालाचं बिरडं, कधी नुसतं अळू. एकदा चिठ्ठी होती: "यांना सांगू नका, ताई." मी अजून सांगितलेलं नाही. आता इथे लेखी आलं, त्याला माझा नाइलाज आहे.

कलम ३. माझी मारुती एटहंड्रेड. या कलमाला जागा जास्त लागेल, कारण बाकीचं सगळं हिच्यासाठीच लिहिलं आहे.

गाडी मूळची पांढरी, माझ्या यजमानांची. फणसाच्या पानासारखा गर्द हिरवा रंग द्यायचा, असं ते वीस वर्षं म्हणत होते. २०२१ मध्ये ते गेले. तेराव्याला पाहुणे जेवत असताना भावोजी मला म्हणाले, "वहिनी, गाडीची चावी मला द्या. दादाने मला हिच्यावरच शिकवलं." मी म्हटलं, "दादाने मलाही शिकवायचं कबूल केलं होतं. ते राहिलं. चावीही राहू द्या." चूक असेल तर एवढीच कबूल करते, की हे मी भर पंगतीत मोठ्याने म्हटलं.

मग मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि गाडी स्वतः रंगवायला काढली. गुरू म्हणजे नायगावचा गॅरेजवाला व्हिन्सेंट. तो म्हणाला, "विनिताबाय, रंग मारायला एक दिवस लागतो. घासायला जन्म लागतो." मला आठ महिने लागले. पॉलिश पेपरने अंगठ्याची रेघ पुसली गेली. आधार केंद्रावर बोट उमटेना. गंज काढला, पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली. प्रायमर झाला. गेटवर पाटी लागली: "बाहेरच्या मेकॅनिकांना प्रवेश नाही." बाहेरचा मेकॅनिक त्या वर्षी एकच येत होता. मग तो फोनवरून शिकवू लागला आणि मी फोन हंडीसारखा पिलरला टांगून काम करू लागले.

हिरवा रंग बसला. उरला शेवटचा हात, लॅकरचा. काचेसारखा पातळ थर, तोच रंगाला चमक देतो. मी रीतसर अर्ज केला. रविवारी दुपारी दोन ते सहा पार्किंगमध्ये रंगकामाची परवानगी मिळाली. खाली सही, कृ. का. सावे. चारी बाजूंनी प्लास्टिक बांधलं, फरशी ओली केली, पहिला हात मारला. बोनेटमध्ये माझा चेहरा दिसला. बरा दिसत होता.

पाच वाजता प्लास्टिकपलीकडे घरघर ऐकू आली. डासांसाठी धूर मारणारा माणूस मशीन खांद्याला लावून पार्किंगमध्ये शिरला होता. मी ओरडले. तो मशीन बंद न करताच म्हणाला, "मॅडम, सोसायटी का ऑर्डर है." तो धूर डिझेलमधून करतात. ओल्या लॅकरवर तेलाचा तुषार बसला की रंग तिथून पळतो आणि गोल खड्डे पडतात. व्हिन्सेंट त्यांना माशाचे डोळे म्हणतो. दहा मिनिटांत बोनेटपासून डिकीपर्यंत सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली.

धुराच्या सूचनेवरही त्याच रविवारची तारीख होती आणि सहीही तीच, कृ. का. सावे. सभेत मी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. भावोजी म्हणाले, "दोन्ही विषय वेगवेगळ्या फाइलींमध्ये होते." मग त्यांनी वॉचमनकडची सूचनावही मागवली. धुराच्या सूचनेखाली, सदनिका २०३ समोर, माझी सही होती. मीही न वाचता केलेली, जशी सगळी इमारत करते. भावोजींनी वही सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "वहिनी, दादाची गाडी तुम्हीच घालवलीत."

या वाक्यासाठी हे मृत्युपत्र आहे.

कलम ४. सोसायटीला माझा जवळचा चष्मा. तो सूचनावहीला दोरीने बांधावा.

कलम ५. कॉम्प्रेसर, स्प्रे गन आणि उरलेले पॉलिश पेपर व्हिन्सेंटला.

कलम ६. गाडी मी कृष्णा काशिनाथ सावे यांना देते. वाचणाऱ्याने चष्मा पुसू नये, बरोबर वाचलं आहे. त्यांना ती हवी होती आणि अजून हवी आहे. हॉस्पिटलातून आले त्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. तब्येत विचारली नाही. म्हणाले, "निदान कव्हर तरी घाला तिच्यावर. बघवत नाही." अटी पुढीलप्रमाणे:

(अ) सगळा रंग पत्र्यापर्यंत त्यांनी स्वतःच्या हाताने घासून काढावा. मशीन चालणार नाही, माणूस लावलेला चालणार नाही. बाल्कनीतून लक्ष ठेवायचं काम अक्षदाकडे.

(आ) गेटवरची पाटी त्यांनी स्वतः काढावी, नायगावला जावं आणि व्हिन्सेंटकडे कॉम्प्रेसर तोंडाने मागावा. व्हिन्सेंटने पहिल्या खेपेला नाही म्हणावं, अशी माझी इच्छा आहे, सक्ती नाही.

(इ) रंग हिरवाच. आरटीओत रंगबदलाची नोंद मी केलेली आहे, तेव्हा पांढऱ्याकडे परत जायची पळवाट नाही.

(ई) हे सगळं वर्षभरात झालं नाही, तर गाडी भंगारात जावी आणि तिच्या गेटपासवर सेक्रेटरी म्हणून त्यांनीच सही करावी.

माफीची अट घातलेली नाही. माफी तोंडाने मागतात. त्याने खांदे भरून येत नाहीत.

कलम ७. या मृत्युपत्राची एक प्रत भावोजींना आजच दिली जाईल. उन्नती फोनवर म्हणाली, "आई, हे असं आधी दाखवतात का कोणी?" दाखवत नाहीत. पण एक अडचण आहे. आमच्या पार्किंगमध्ये समुद्राकडची खारी ओल येते. गॅरेजातल्या मापाने थिनर घातलं तर लॅकर दुधासारखं पांढरं पडतं, म्हणून व्हिन्सेंटचं माप इथे चालत नाही. इथलं माप मला त्या रविवारच्या आधी, बोनेटवर लावून आणि तीनदा घासून सापडलं. ते मी कुठेही लिहून ठेवलेलं नाही, उन्नतीला सांगितलेलं नाही आणि या कागदावरही लिहिणार नाही. ज्यांना हवं असेल त्यांनी मी आहे तोवर एक मजला उतरून विचारावं. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असते. विचारल्यावर सांगेन की नाही, हे आजच्या तारखेला ठरलेलं नाही.

येणेप्रमाणे लिहिलेलं सर्व मी स्वतः वाचलं, दोन ठिकाणी अधिक कडक केलं आणि साक्षीदारांच्या देखत सही केली.

(सही) विनिता प्रल्हाद सावे

साक्षीदार:
१. व्हिन्सेंट डाबरे, गॅरेज व्यवसाय, नायगाव
२. कमळी दत्तात्रेय चुरी, निवृत्त शिक्षिका, सदनिका १०१, केळबाग हाइट्स

ठिकाण: बोळिंज, विरार पश्चिम
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५