लाल ग्रहावरचं आळं

३ नोव्हेंबर, सोमवार
बाबा आज पुन्हा दिवसभर खिडकीशी. गोखिवऱ्याच्या या फ्लॅटमधून दिसतं काय — समोरच्या गाळ्यांचे पत्रे! आई गेली, मग वाडी विकली, आणि जन्मभर केळी-मोगऱ्यात राबलेला माणूस नुसता बसून. मी ऑफिसातून आले, जेवण वाढलं, नेहमीसारखं खोलीत जाऊन दार लावलं. बोलायचं तरी काय?

८ नोव्हेंबर, शनिवार
माझा मावसभाऊ निमिष आला होता. लॅपटॉपवर अंतराळाचा एक ऑनलाइन गेम टाकून गेला. "काकांचा वेळ जाईल गं." शिकवायला मी शेजारी बसले. बाबांनी जहाज दोनदा आपटलं. ग्रहावर उतरल्यावर पहिला प्रश्न — "माती कसली आहे?"

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
"इतके ग्रह, आणि एकावरही विहीर नाही?" बाबा वैतागले. खरंच आहे. इथून माल उचला, तिथे टाका, मध्ये चाच्यांना मारा. दुसऱ्या ग्रहावरही तेच, आभाळाचा रंग तेवढा वेगळा. जगभरातून माणसं खेळतात, पण कुणाला स्वतःचं दुकान मांडता येत नाही की साधी भिंत घालता येत नाही. सगळे चिडलेत. कंपनी म्हणते, अपडेट येतंय, थांबा.

२० नोव्हेंबर, गुरुवार
आज बाबांनी गेममधल्या अंतराळ-स्टेशनवरून टाक्या भरून पाणी घेतलं. ते नेऊन विकायचं असतं. यांनी एका लाल ग्रहावर जहाजातली गाडी उतरवून गोल गोल फिरवली. रोपाभोवती आळं करतात ना, तसं! आणि सगळं पाणी मधोमध ओतलं. "आधी आळं, बाय. रोप मागाहून." माझे डोळे भरून आले.

२१ नोव्हेंबर
आळं पुसलं गेलंय. या गेममध्ये कुणाचं काही राहतच नाही. बाबांनी पुन्हा केलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
रोज तेच. घरी यावं तर लॅपटॉप उघडलेला, दोन खुर्च्या मांडलेल्या, माझा चहा झाकून ठेवलेला. आळं करता करता बाबा बोलतात. आईने पहिल्यांदा मोगरा लावला तेव्हा पाणी जास्त झालं, रोपं कुजली, तर ती रुसून जेवलीच नाही म्हणे. मला हे माहीतच नव्हतं. किती दिवसांनी तिच्याबद्दल बोललो आम्ही!
तिथे काही उगवेल असं त्यांना खरंच वाटतंय का? मी बोलून बसले — "अपडेट आलं की रोप लावता येईल, बाबा." कशाला बोलले!

२ डिसेंबर, मंगळवार
अपडेट आलं. ऑफिसातच वाचलं. जहाजांना नवे रंग. बस. लावणं नाही, बांधणं नाही. निमिष फोनवर म्हणाला, "खेळणाऱ्यांच्या हातात काही द्यायचंच नाहीये त्यांना."
वाडी गेली तेव्हा बाबा रडले नव्हते. पण त्यानंतर आठवडाभर जेवणावर वासना नव्हती त्यांची. पुन्हा तसंच झालं तर? घरी आल्यावर मी डोकं दुखतंय म्हणाले आणि खोलीचं दार लावून घेतलं. बाहेर चहा तसाच राहिला.

३ डिसेंबर, बुधवार
अपडेटचं बाबांना सांगून टाकलं. ते कपात चहा ओतत होते, थांबलेही नाहीत. म्हणाले, "तिथं काय उगवत नाही ते पहिल्याच दिवशी कळलं मला, अश्लेषा. जन्म मातीत गेला माझा. आई गेल्यापासून तू आलीस की दार लावून घ्यायचीस. या निमित्ताने शेजारी बसायला लागलीस, म्हणून पाणी घालत होतो."