पांघरुणाखालचे हात

किवुम्बा, मसाका
मंगळवार, १२ मार्च

ती. सेंगाआत्यांस,

नाकिबुलेचा गुडघे टेकून नमस्कार. मित्यानात सगळे कसे आहेत? तुमचा गुडघा आता वाकतो का, की अजून उभ्यानेच देवाला हात जोडता?

फोन केला नाही म्हणून रागावू नका. इथला फोन सासूबाईंच्या कमरेला असतो, आणि तुम्हाला ऐकू जावं म्हणून मला ओरडावं लागतं. मग आपलं बोलणं सगळी वस्ती ऐकते. पत्र टॅक्सीवाल्याबरोबर पाठवते आहे. स्वतः वाचा, नातीकडून वाचून घेऊ नका.

इथे कॉफी फुलली आहे. सकाळी दार उघडलं की वास थेट चुलीपर्यंत येतो. करड्या शेळीला जुळं झालं. हे ट्रक घेऊन जुबाला गेलेत. ईस्टरला येणार म्हणतात. कुठल्या ईस्टरला, ते काही बोलले नाहीत.

सासऱ्यांचं बरं चाललं आहे. मागे कळवलं होतं ना, त्यांची ती खालची गाठ हाडांत उतरली आहे म्हणून? तेव्हा ते खाटेचं लाकूड दातांत धरायचे. जन्मभर मुतुबाच्या झाडाची साल कुटून कापड केलं त्यांनी. मोगरी कशी एकसारखी पडायची त्यांची! तो माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. मग मसाक्याच्या दवाखान्यातून सिस्टर लामुनू, मूळच्या उत्तरेकडच्या, यायला लागल्या. त्यांनी पाण्याच्या जुन्या बाटलीतून हिरवं औषध आणलं, मॉर्फिन. सुरुवातीला सासरे नुसते झोपून होते. त्यांचे धाकटे भाऊ लुयिंबाझीकाका, आमच्या लग्नात बोकड लहान आणला म्हणून भांडले होते ते, दारातूनच म्हणाले, "झालं! हिरवं पाणी पाजून मारलं माझ्या भावाला." एक-दोन दिवसांनी सासरे उठून बसले, उकडलेल्या केळ्यांचे मटोके मागितले आणि म्हणाले, "लुयिंबाझी, मेलो असतो तर निदान तुझा आवाज तरी ऐकावा लागला नसता."

सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यांना मापाची रेघ दिसत नाही. म्हणून सिस्टरांनी सगळं मला समजावलं. मळमळेल, अंग खाजेल, पोट घट्ट होईल. त्यावर पपईच्या बिया वाळवून, कुटून द्यायच्या. झोप येईल, पण ती हळूहळू कमी होईल. "झोप कमी व्हायच्या ऐवजी वाढली, नसलेली माणसं दिसायला लागली, हातापायांना झटके आले किंवा श्वास संथ झाला, तर त्याच दिवशी मला फोन करायचा. उद्या बघू म्हणायचं नाही." लहानपणी तुमच्यासमोर बसून मी जसं पाठ करायचे, तसं हे पाठ केलं.

औषध मी मापते, पण देत नाही. पेला तिवईवर ठेवते आणि मागे सरते. सासूबाई तो उचलून पाजतात. तुम्ही सांगितलेलं सगळं माझ्या लक्षात आहे. सासऱ्याच्या हातात काही द्यायचं नाही, त्याच्या खाटेला टेकायचं नाही. सुनेचा हात लागला तर ओबुको जडतो. हात थरथरायला लागतात, त्याचे नाहीतर तिचे, आणि मरेपर्यंत थांबत नाहीत. लग्नाआधी तुमच्या मागच्या खोलीत हे ऐकताना मला हसू आलं, तेव्हा तुम्ही माझ्या मांडीला चिमटा काढलात. "हस, हस. एक दिवस आठवेल."

तेच विचारायचं होतं. थरथर हात लागल्यानेच होते, की दुसऱ्याही कशाने होते? सहज विचारते. शेजारीण विचारत होती.

शेजारणीने काहीही विचारलेलं नाही. खोडत नाही, राहू दे तसंच. तुम्ही खोडलेलं उजेडात धरून वाचता हे मला माहीत आहे.

मागच्या आठवड्यात सासूबाई बहिणीच्या मातीला कालुंगूला गेल्या. मी पेला तिवईवर ठेवला, सासऱ्यांनी आपल्या हाताने घेतला. थोड्या वेळाने त्यांना पडल्या पडल्या उलटी झाली आणि ती घशात अडकली. डोळे पांढरे झाले. मी दारात उभी होते. ओरडले, पण शेजारची माणसंही मातीला गेलेली. आत्या, मी दारात किती वेळ तशीच उभी राहिले, ते सांगवत नाही. मग आत गेले. त्यांना कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं, बोट घालून तोंड साफ केलं. श्वास आला तसे ते म्हणाले, "सोड, सूनबाई. तुला बाधेल."

तुला म्हणाले. स्वतःचं नाव नाही घेतलं.

संध्याकाळी त्यांचे हात उडायला लागले. थरथर म्हणावी तर तशीही नव्हती, झटके होते, खांद्यापासून बोटांपर्यंत, झोपेतसुद्धा. मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. त्यांनी सालीच्या कापडाचं पांघरूण छातीपर्यंत ओढलं आणि दोन्ही हात आत घेतले. तेव्हापासून ते आतच आहेत. सासूबाई परत आल्या तेव्हा म्हणाले, "थंडी वाजते." भर दुपारी!

काल सिस्टर आल्या होत्या. सासूबाई शेतात होत्या. सिस्टरांनी विचारलं, "हातापायांना झटके वगैरे?" मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते. मी म्हटलं, "नाही."

"लघवी नीट होते ना?"

"होते."

आत्या, मला काय ठाऊक? सुनेने सासऱ्याला हे कुठल्या तोंडाने विचारायचं? ते कण्हत होते, म्हणून सिस्टरांनी औषध थोडं वाढवून दिलं. मी नवं माप नीट ऐकून घेतलं, दोनदा म्हणून दाखवलं. सिस्टर म्हणाल्या, "शहाणी आहेस."

झटक्यांचं सांगितलं तर 'कधीपासून' विचारतील. मग सासूबाई दिवस जुळवतील. घरात कोण होतं? सासरे मला वाचवत आहेत आणि मीही मलाच वाचवते आहे. त्यांना वाचवायला या घरात कुणी नाही.

आज सकाळपासून ते नीट जागे नाहीत. छपराकडे बघून आपल्या मेलेल्या आईला म्हणाले, "साल ओली आहे गं, कुटू नकोस." आता दुपारच्या औषधाची वेळ झाली आहे. पेला भरून माझ्यासमोर आहे. त्यांचा श्वास मला इथून

गुरुवार

मंगळवारी अर्ध्या ओळीवरून उठले ती आज बसते आहे.

मी सासऱ्यांना हाक मारली, "ताता!" डोळे उघडले नाहीत. एक श्वास यायचा, मग इतका वेळ यायचा नाही की मीही माझा धरून ठेवायचे. पेला होता तिथेच टाकून घेवड्याच्या शेतात धावले. "सासूबाई, फोन द्या."

"आधी माझे हात तर धुऊ दे, मातीचे—"

"फोन द्या!" असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

सिस्टरांचा आवाज तुमच्यासारखाच मोठा, फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू येतो. "औषध दिलंस?"

"नाही. भरलं होतं, दिलं नाही."

"देऊ नकोस. कुशीवर झोपव, हलवून जागं करत राहा. झटके आहेत?"

"आहेत."

"कधीपासून?"

सासूबाईंची कुदळ चालू होती. मी म्हटलं, "सासूबाई मातीला गेल्या त्या दिवसापासून."

"मग काल 'नाही' का म्हणालीस गं?"

"त्या दिवशी मी त्यांना धरलं होतं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं."

कुदळ थांबली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. कुदळ तिथेच सोडून त्या घराकडे चालू लागल्या, मागून मी. सासऱ्यांना कुशीवर वळवायला दोघींचे हात लागले.

माझं फोनवरचं बोलणं शेजारच्या शेतांतही ऐकू गेलं होतं; सिस्टर मोटारसायकलवरून आल्या, तोवर लुयिंबाझीकाका आणि निम्मी वस्ती दारात. काका सिस्टरांना म्हणाले, "बाटलीवर कशाला खापर फोडता? सुनेने हात लावला, ओबुको झाला. तुमच्या उत्तरेकडे सुना सासऱ्याच्या मांडीवर बसतात की काय?"

"नाही हो काका," सिस्टर सासऱ्यांचं ओटीपोट चाचपून, हातमोजे चढवत म्हणाल्या. "पण आमच्याकडे सासऱ्याची लघवी तुंबली तर कुणीतरी सांगतं तरी."

त्यांनी सगळ्यांना बाहेर काढून लघवीची नळी घातली. किती निघालं ते लिहीत नाही, पण भांडं बाहेर आणलं तेव्हा काकाही वाटेतून बाजूला सरले. सिस्टरांनी सांगितलं, गाठीने वाट अडवली होती. औषध अंगाबाहेर पडेना, ते आतच साठत गेलं. झोप त्याची, झटके त्याचे, बहुतेक ती उलटीही त्याचीच. "आणखी एक पेला गेला असता तर," म्हणाल्या, आणि हातमोजे उतरवायला लागल्या. तो पेला माझ्या हातचा होता. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते.

काल ते जागे झाले. आणि औषध थांबलं होतं म्हणून दुखणंही जागं झालं. पुन्हा खाटेचं लाकूड दातांत. सिस्टरांनी आता अगदी थोडं माप ठरवून दिलं आहे, रोज फोन करतात, आणि लघवीचं उत्तर माझ्याकडूनच मागतात. मी नळीची पिशवी बघून सांगते. लाज वाटते. पण सांगते.

लुयिंबाझीकाकांनी रविवारी कुळातल्या वडीलधाऱ्यांना बोलावलं आहे. औषधाचं ते मानत नाहीत. कदाचित या पत्राच्या मागोमाग मी गाठोडं घेऊन तुमच्या दारात येईन. आले तर आधी पाणी द्या, मग रागवा.

काल संध्याकाळी सासरे छपराच्या पत्र्याकडे बघत, मला ऐकू जाईल असं म्हणाले, "तू धरायच्या आधीच माझा चहा सांडत होता." खरंच सांडत होता, की माझ्यासाठी म्हणाले, मला कळलं नाही. विचारलं नाही.

सासूबाई शेतातल्या त्या क्षणापासून माझ्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. आज दुपारी मी औषध मापलं, पेला तिवईवर ठेवला, मागे सरले. त्या उठल्या. पेल्याकडे गेल्या नाहीत. "शेळी ओरडते आहे," म्हणाल्या आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

शेळी ओरडत नव्हती.

सासरे माझ्याकडे बघत होते. त्यांचे हात पांघरुणाबाहेर होते. मधूनच एखादं बोट उडत होतं, पण त्यांनी ते लपवलं नाही. आत्या, तुम्ही शिकवलेलं मी विसरले नव्हते. प्रत्येक शब्द आठवत होता, चिमट्यासकट.

एवढं शेवटचं मी त्यांना पेला पाजून, धुऊन आल्यावर लिहिते आहे. अक्षर नीट बघा. पहिल्या पानाशी ताडून बघा. कुठे हललेलं दिसलं, तर मला कळवू नका. संध्याकाळचाही पेला द्यायचा आहे.

तुमची, तुम्हीच शिकवलेली,
नाकिबुले