एंगेज फोन आणि माझी सोयरीक

नांदूरघाट,
मे २०००

ती. योगीराजमामांना रुद्राणीचा शरणार्थ.

मामीची कंबर कशी आहे? बीडचं ऊन सोसतंय ना? आमी सगळे खुशाल, म्हणजे कालपासून खुशाल. त्याआधी आमच्या घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पण मामा, आधी बातमीच सांगते, मला दम निघत नाही. माझं जमलं! आंबाजोगाईच्या विश्वनाथअप्पांचा मन्मथ. (हे फोनवरच सांगणार होते, पण फोन सध्या आईच्या ताब्यात आहे. कावून, ते खाली कळेल.)

तुमाला माहीतच आहे, आमच्या घरात लाइट, नळ आणि फोन अप्पांकडं. बिल ते भरतात, म्हणून ओरडायचा हक्कही त्यांचाच. इंटरनेट मात्र रविदादानं हौसेनं आणलं, तेव्हा ते त्याच्याकडं. आता हे इंटरनेट येतं अप्पांच्या फोनच्या वायरीतूनच. दादानं ती वायर माजघराच्या खिडकीतून मागच्या खोलीत नेली. एकाच वायरीचे दोन मालक झाले, तिथंच सगळं बिनसलं.

पाहुणे बघून गेले, पुरणपोळी पोटभर जेवले आणि म्हणाले, रविवारी दुपारपर्यंत फोनवर कळवतो. रविवारी अप्पा इस्त्रीचं धोतर नेसून सकाळपासून फोनसमोर बसले. उचलून बघायलाही तयार नाहीत, नेमका तेवढ्यात लागला म्हणजे? इकडं मागच्या खोलीत दादा माझ्याच लग्नपत्रिकेसाठी इंटरनेटवरून नंदीचं चित्र उतरवून घेत होता. ते चित्र वरून खाली एकेक रेघ येतं, मामा! जेवणाच्या वेळेपर्यंत शिंगं आणि कपाळ आलं होतं. (पोरगी पसंत पडली का नाही ठाऊक नाही, आणि हा पत्रिका सजवत बसलेला. लई गुणाचा आहे माझा भाऊ.)

ऊन कलल्यावर अप्पांनी धीर करून रिसीव्हर कानाला लावला. आत किर्रर्र, खर्रर्र! त्यांनी हातातली सुपारी टाकली आणि सटवा लाइनमनला बोलावणं धाडलं. सटवा बिचारा सुट्टीच्या दिवशी खांबावर चढला, उतरला आणि घाम पुसत म्हणाला, "खांबापस्तोर लाइन चोख हाय. खांबापस्तोर माझी, घरातली तुमची." झालं! अप्पा म्हणाले, टेबलापर्यंत फोन माझा, खिडकीतून पुढची भानगड रविची. दादा म्हणाला, वायर तुमची, मी फक्त वापरतो. सटवा चहा पिऊन निघून गेला तरी हे चालूच. शेवटी आई पोळपाट ठेवून बाहेर आली आणि म्हणाली, "फोन ह्यांचा, नेट त्याचं. आन् पोरीचं लगीन कुणाकडं हाय?" अप्पा ओसरीवर गेले, दादा मागच्या खोलीत. मी आत जाऊन थोडं रडले. मुलगा मला आवडला होता, मामा, तुमाला म्हणून सांगते.

सोमवारी सकाळच्या एसटीनं विश्वनाथअप्पा स्वतः दारात हजर. तोंड लाल. "दिवसभर फोन एंगेज! पोरगं नको असंल तर तोंडावर सांगायचं, रिसीव्हर काढून कावून ठिवायचा?" नेट चालू असलं की फोन एंगेज लागतो, हे समजावून सांगायला दादानं त्यांना कॉम्प्युटरपुढं बसवलं. त्यांनी रागातच विचारलं, "ह्याच्यात आमची आंबाजोगाई हाय का बे?" दादानं शोधली. आधी आभाळ आलं, मग देवळाचं शिखर आलं, आणि पाहुण्यांनी टोपी काढून स्क्रीनला हात जोडले! त्यानंतर ते खुर्चीवरून उठलेच नाहीत. चहा तिथंच, जेवण तिथंच.

आणि त्यांच्या घरचे, विश्वनाथअप्पा पोचले का म्हणून फोन लावतायत, तर एंगेज! घाबरून संध्याकाळी मन्मथ धावत आला. म्हातारी मंडळी मागच्या खोलीत शिखराखालचे खांब यायची वाट बघत होती, म्हणून पाण्याचा तांब्या मीच नेला. मन्मथरावांनी विचारलं, "तुमच्या घरी फोन बघतं तरी कोण?" मी म्हटलं, "आजपासून मी." ते इतके हसले की पाण्याचा ठसका लागला. म्हणाले, "आमच्याकडंही कुणी न्हाई. तिकडचाही तुमीच बघा." मामा, याला मागणीच म्हणायचं ना? विश्वनाथअप्पांनी तिथंच साखर मागितली.

तुमची लाडकी,
रुद्राणी

ता. क. लग्न याच महिन्याच्या शेवटी. मामीला घेऊन आठ दिवस आधी या.

ता. क. दुसरा. साखर वाटताना अप्पांना इतका आनंद झाला की, "तुमच्या घरीबी इंटरनेट बसवून देतो," असा व्याह्यांना शब्दच देऊन बसले. रात्री फोनवाला का नेटवाला, हा शब्द कुणाकडं, यावर पुन्हा दोन तास खल झाला, तेव्हा वैतागून आईनं फोनच आपल्या ताब्यात घेतला. ठरलं असं, की अशा गोष्टी मुलीच्या मामाकडं असतात. कॉम्प्युटरसकट.

ता. क. तिसरा. आई म्हणाली होती, मामाला फक्त तारीख कळव, इंटरनेटचं आधी लिहू नको, न्हाईतर तो लग्नालाच यायचा न्हाई. म्हणून आधी नाही, शेवटी लिहिलंय.