करडा रकाना

३ नोव्हेंबर, सोमवार
घोडं एकदाचं गंगेत न्हालं. उस्मानपुऱ्यातल्या या लॅबमध्ये आज टेक्निशियन म्हणून रुजू झालो. आधी तीन लॅबवाल्यांनी मला दारातूनच वाटेला लावलं होतं, कारण मला जुनी हिपॅटायटिस बी कावीळ आहे. सहा वर्षांपूर्वी एका पेशंटची सुई बोटात घुसली, तेव्हापासून हा विषाणू माझ्याकडं बिनभाड्याचा राहतोय. म्हणून डॉ. अनंतरावांना मी आधीच सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, मग तर तू हे काम जीव लावून करशील. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सत्तरी ओलांडलेला किडकिडीत माणूस, सदऱ्याला डाग नाय, आवाजाला धार नाय. स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला. लॅबच्या वरच मला खोली मिळाली आहे. खानावळीतल्या वरणात मीठ कमी असतं, पण भाकरी झकास.

५ नोव्हेंबर, बुधवार
इथं जुन्या काविळीचेच पेशंट जास्त. लिव्हर किती बिघडलं हे बघायला पूर्वी बरगडीतून सुई घालून तुकडा काढायचे. आता बहुतेकांचं रक्तातल्या एसजीओटी, एसजीपीटी या लिव्हरच्या आकड्यांवर भागतं. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळानं. उत्तर १.४५ च्या खाली आलं की लिव्हर ठीक, हिरवा रकाना. ३.२५ च्या वर गेलं की लाल, पेशंट मोठ्या दवाखान्यात. मधलं काही आलं तर छाप की काटा ते सांगता येत नाय. तो करडा रकाना.

गंमत सगळी वयाची आहे. आमच्या भागात अर्ध्या लोकांचा वाढदिवस एक जून, गुरुजींनी शाळेत घातलेला. म्हाताऱ्यांचं वय तर दुष्काळावरून मोजायचं. वय पाच वर्षांनी हललं तर माणूस या रकान्यातून त्या रकान्यात जातो.

डॉक्टरांना करडा रकाना अजिबात सोसत नाय. दर रविवारी स्वतः गाडी काढून करड्या पेशंटच्या घरी जातात आणि फुकट तपासतात. असा डॉक्टर दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाय. आज बन्सीकाका म्हणून एसटीचे निवृत्त कंडक्टर आले होते. रक्त घेताना मलाच धीर देत होते, लेकरा, पुढं सरक, मागं जागा लई आहे म्हणून. त्यांचा आकडा २.१ आला. डॉक्टरांनी पत्ता चिठ्ठीवर उतरवून खिशात टाकला.

१० नोव्हेंबर, सोमवार
बन्सीकाका गेले. पेपरात फोटो आहे. रविवारी दुपारी खुलताबादच्या अलीकडं, त्यांच्या मळ्यातल्या खोलीत सापडले. पोट उजव्या अंगाला बरगडीखालून फाडलेलं होतं. आतडी बाजेवरून खाली लोंबत होती आणि नखं उपटून निघाली होती, इतकी त्यांनी बाजेची सुतळी ओरबाडली होती. वनखात्यानं बिबट्या म्हणून पिंजरा लावला आहे. डॉक्टरांनी पेपर वाचून घडी घातली आणि म्हणाले, बिचारा, लिव्हर चांगलं होतं त्याचं.

जेवताना लक्षात आलं. आकडा तर करडा होता. चांगलं होतं हे त्यांना कुणी सांगितलं?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
किट संपलं म्हणून मागच्या खोलीत गेलो. ती एरवी कुलपात असते, आज किल्ली दारालाच होती. खालच्या फळीवर फॉर्मॅलिनच्या नऊ बाटल्या. प्रत्येकीत तळहाताएवढा तांबूस तुकडा. शेवटच्या बाटलीवर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं: बन्सी, ६२. रक्तावरून २.१. प्रत्यक्षात नितळ. रक्त चुकलं.

उरलेल्या आठांवरही आकडेच आहेत. सगळे १.४५ ते ३.२५ च्या मधले. तो माणूस आकडा खरा की खोटा हे उघडून बघतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार
पोलीस चौकीत जाऊन आलो. हवालदार म्हणाला, बाटल्या कोणत्या लॅबमध्ये नसतात? मग लॅबचं नाव विचारलं. मी सांगितल्यावर तो उभाच राहिला. डॉक्टरांनी त्याच्या वडिलांवर दोन वर्षं फुकट उपचार केले होते. आत्ताच फोन लावतो म्हणाला. माझी काहीतरी गफलत झाली, असं म्हणत मी तिथून सटकलो. भित्रा आहे मी, कबूल करतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार
काल पुंजाराम गेला, त्याच्या गावचा पेशंट सांगत होता. गुरुवारी मीच त्याचा आकडा काढला होता, १.९. चाळीस वर्षांचा पहिलवान गडी. त्यानं झटापट केली असणार, म्हणून आधी गुडघ्यामागच्या शिरा कापल्या. तरी तो गोठ्यातून बांधापर्यंत सरपटत गेला. त्याच्या मागं रक्ताचा पट्टा होता आणि त्या पट्ट्यात त्याचं पोट सांडलेलं. त्याच्या बायकोला दातखीळ बसली ती अजून सुटली नाय.

आज सकाळी मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. बाटल्या दहा झाल्या.

पळून जावं असं हजारदा वाटतं. पण मी गेलो तर उद्या दुसरा कुणी या खुर्चीत बसेल आणि इमानदारीत खरे आकडे काढून देईल. रक्ताचे आकडे मशीन छापतं, त्यांना हात लावता येत नाय. वय मात्र मी लिहितो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
आज तिघं करडे होते. तिघांचीही वयं खाली ओढून हिरवे केले.

त्यात खुलताबादच्या वच्छलाबाई होत्या. येताना पिशवीभर सीताफळं घेऊन आल्या. मला म्हणाल्या, खा रं, लई वाळलास. नवरा नाय, धाकटी लेक संस्कृती नर्सिंगला आहे, तिला कामाला लागलेलं बघितलं की मी सुटले, तोवर तेवढं लिव्हर टिकव म्हणाल्या. वय विचारलं तर बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होते म्हणाल्या. म्हणजे पासष्ट. आकडा १.५५. मी साठ लिहिलं. १.४३. मावशी हिरव्या झाल्या आणि मला रडू आलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
डॉक्टरांनी आज रजिस्टर उघडलं. चार दिवसांत एकही करडा नाय, हे कसं? सगळ्या आधार कार्डांच्या झेरॉक्स शेजारी मांडल्या. वच्छलाबाईंच्या कार्डावर पासष्ट. आवाज चढवला नाय. एवढंच विचारलं, एका बाईचे दोन आकडे, त्यातला खरा कोणता? मी म्हणालो, मावशींनी सांगितलं तसं लिहिलं. ते म्हणाले, तिला विचारून काय कळणार.

चिठ्ठी खिशात गेली.

संस्कृतीचा नंबर रजिस्टरमध्ये आहे. पन्नास वेळा लावला. बंद आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
सहाच्या एसटीनं निघतोय. ते दहाला निघतात. मावशींना घरातून काढतो, मग पुढचं पुढं—

रविवार, दुपार
मागच्या खोलीत आहे. बाहेरून कडी. मोबाईल नाय. वही शर्टात होती. डावं मनगट रुमालानं बांधलंय, तरी गळतंय.

एसटी खुलताबादच्या बरीच अलीकडं बंद पडली. पायी पोचेस्तोवर त्यांची गाडी मावशींच्या दारात होती. आज ते लवकर निघाले—

मावशी सारवलेल्या जमिनीवर. तोंडात त्यांचाच पदर कोंबलेला. जिवंत होत्या. टाचा जमिनीवर घासत होत्या. डॉक्टर गुडघे टेकून, बाही दुमडून, कोपरापर्यंत हात आत—

वरवंटा उचलून त्यांच्या पाठीत घातला. निसटता बसला. त्यांनी वळून सुरी फिरवली, माझं मनगट उघडं पडलं. मग माझ्या मांडीत सुई. मी खाली पडलो, मावशींच्या तोंडासमोर तोंड. त्या माझ्याकडंच बघत होत्या. मग टाचा थांबल्या.

डॉक्टरांनी तुकडा माझ्या डोळ्यांसमोर धरला. गरम होता, वाफ निघत होती. नितळ आहे म्हणाले. तुझा खोटा आकडाच खरा निघाला, शाबास.

मावशी ठीक होत्या. मावशींना काही झालेलं नव्हतं.

पुन्हा लिहितोय
त्यांनी मला फरफटत गाडीत घातलं, तिथंच माझं रक्त घेतलं. मशीन चालू आहे. आता थांबलं.

दारापलीकडून आकडे वाचून दाखवले. एसजीओटी ४७. एसजीपीटी ६४. प्लेटलेट १८०. वय ४६.

मी तोंडीच केलं. १.५०.

करडा.

ओरडून सांगितलं, वय खोटं आहे. मोठा भाऊ कृष्णा एकटा शाळेत जायला घाबरायचा, म्हणून बापानं मला दोन वर्षं वाढवून त्याच्याबरोबर घातलं. मी ४४ चा आहे. आईशपथ ४४ चा. मग हिरवा येतो, करून बघा.

मग हळू आवाजात म्हणाले, म्हणजे तुझेही दोन आकडे.

हत्यारं ट्रेमध्ये मांडतायत. एकेक—

कडी काढली.

मी हिशेब लिहून ठेवतो. कुणीतरी बघा. ४४ गुणिले ४७, दोन हजार अडुसष्ट. १८० गुणिले ८, चौदाशे चाळीस. भागलं की येतं १.४